ज्याला स्पेअर नाही

चांद्रविजयाचा विषय निघाला की आपल्याला नील आर्मस्ट्राँग आठवतो आणि जुलै १९६९ आठवतो. त्याच्या सात महिने आधी, डिसेंबर १९६८ मध्ये, तीन माणसे चंद्राभोवती दहा फेऱ्या मारून सुखरूप घरी आली होती, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. फ्रँक बोरमन, जिम लोव्हेल आणि बिल अँडर्स ही ती तीन माणसे आणि अपोलो-८ हे त्यांचे यान. चंद्रावर न उतरलेल्या या मोहिमेला मी उतरलेल्या मोहिमेपेक्षा तसूभरही कमी मानत नाही. त्याचे कारण निखळ यांत्रिक आहे.

माझी सारी नोकरी कारखान्याच्या मेन्टेनन्स खात्यात गेली. आमच्या खात्यात पहिला प्रश्न ‘यंत्र कसे चालते?’ हा नसतो, ‘स्पेअर आहे का?’ हा असतो. बॉयलरला फीड पंप दोन, गेज ग्लास दोन, सेफ्टी व्हॉल्व्ह दोन. त्यातले एक कधी ना कधी दगा देणार, हे धरूनच चालायचे. अशा संस्कारात मुरलेला माणूस अपोलो यानाचा आराखडा पाहतो तेव्हा त्याची नजर एका जागी खिळते. चंद्राच्या कक्षेत शिरायला आणि तिच्यातून बाहेर पडायला त्या यानाकडे मोठे इंजिन एकच होते.

चंद्रापर्यंतच्या वाटेवर तसा एक दिलासा होता. यान अशा मार्गावर सोडले होते, की काहीच केले नाही तर ते चंद्रामागून वळसा घेऊन त्याच्याच गुरुत्वाकर्षणाने पृथ्वीकडे परतले असते. पण चंद्राभोवती फिरायचे तर वेग कमी करायला हवा, आणि वेग कमी केला की हा फुकटचा परतीचा रस्ता बंद! २४ डिसेंबरला चंद्राच्या पाठीमागे, जिथून पृथ्वीशी रेडिओ-संपर्कही होत नाही अशा जागी, इंजिन सुमारे चार मिनिटे चालले आणि यान कक्षेत बसले. आता ते पुन्हा पेटले नसते तर तिघे जण कायमचे चंद्राभोवती फिरत राहिले असते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ वर स्फोट झाला, तेव्हा चांद्र-उतरणीचे दुसरे यान जोडीला होते. त्याच्या इंजिनावर ते लोक परत आले. अपोलो-८ बरोबर ते यानच नव्हते, कारण ते वेळेत तयार झाले नव्हते.

मग अभियंत्यांनी केले काय? दुसरे इंजिन बसवायचे तर वजन वाढते, नळ्या वाढतात, बिघडण्याच्या जागाही वाढतात. म्हणून त्यांनी एकच इंजिन ठेवले आणि त्यातून बिघडण्यासारखे जे जे होते ते काढून टाकले. कॅलिफोर्नियातील एरोजेट कंपनीने बनवलेल्या या इंजिनात इंधन ढकलायला पंप नव्हता. टाक्यांतला हेलियम वायू आपल्या दाबाने ते काम करी. पेटवायला ठिणगीही लागत नव्हती. एरोझीन-५० आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड ही द्रव्ये एकमेकांना भेटताच आपोआप पेट घेतात. हलणारे भाग उरले ते मुख्यतः व्हॉल्व्ह, आणि तिथे मात्र जोडी होती. व्हॉल्व्हचे दोन गट समांतर लावले होते, म्हणजे एक उघडला नाही तरी दुसऱ्या वाटेने इंधन जाईल. प्रत्येक वाटेवर पुन्हा एकामागे एक दोन व्हॉल्व्ह, म्हणजे एक बंद झाला नाही तरी दुसरा बंद होईल.

एवढे करूनही चंद्राकडे जाताना पहिल्याच छोट्या चाचणीत, अवघ्या २.४ सेकंदांच्या, या इंजिनाचा जोर अपेक्षेपेक्षा किंचित कमी भरला. ह्यूस्टनमधल्या माणसांनी कारण शोधले. नळीत हेलियमचा बुडबुडा अडकला होता. तो निघून गेला आहे आणि पुढे धोका नाही, अशी खात्री झाल्यावरच कक्षेत शिरायला परवानगी मिळाली. २५ डिसेंबरला इंजिन पुन्हा चंद्राआड पेटले, सुमारे साडेतीन मिनिटे चालले, आणि यान बाहेर येताच लोव्हेलने पृथ्वीला कळवले, की सांताक्लॉज खरोखरच आहे! आपले पहिले चांद्रयान नोव्हेंबर २००८ मध्ये चंद्राच्या कक्षेत शिरले ते याच जातीच्या, पण कितीतरी लहान, एकुलत्या मुख्य इंजिनावर. हे वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

इंजिनाने घराची वाट धरून दिली, तरी शेवटचा उंबरठा बाकी असतो. चंद्राकडून परतणारे यान वातावरणात सेकंदाला ११ किलोमीटर वेगाने शिरते. पुढची हवा इतकी दाबली जाते, की तापमान हजारो अंशांवर जाते. तिथे माणसाला वाचवते ते यानाच्या तळाचे उष्णताकवच. अपोलोचे कवच ‘ॲव्हकोट’ नावाच्या द्रव्याचे होते. मधमाशांच्या पोळ्यासारख्या तीन लाखांहून अधिक कप्प्यांत ते हातांनी, एकेक कप्पा करून भरलेले होते. हे कवच स्वतः जळत-झिजत जाते आणि उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. त्याला स्पेअर नाही, आणि तिथे जोडी लावताही येत नाही.

हा जुना प्रश्न आर्टेमिस मोहिमांत पुन्हा उभा राहिला. आर्टेमिसच्या ओरायन यानाचे मुख्य इंजिन म्हणजे स्पेस शटलवर वापरलेले इंजिन आणि त्याच्या मदतीला आठ लहान इंजिने. म्हणजे इंजिनाला आता जोड मिळाली, कवचाला नाही. द्रव्य तेच, ॲव्हकोट; मात्र पोळ्याच्या कप्प्यांऐवजी ते ठोकळ्यांच्या रूपात बसवले गेले. माणूस नसलेले ओरायन चंद्राची वारी करून ११ डिसेंबर २०२२ रोजी समुद्रात उतरले, तेव्हा कवचाचे तुकडे शंभराहून अधिक जागी निघालेले दिसले. आतले तापमान ठीक होते. आत माणसे असती तरी ती वाचली असती.

‘चालले ना? मग झाले!’ हे वाक्य मी शॉपफ्लोअरवर शेकडो वेळा ऐकले आहे, आणि मेन्टेनन्सवाल्याला यापेक्षा घातक वाक्य ठाऊक नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर फुटले, त्याआधीच्या उड्डाणांत रबरी कड्या झिजलेल्या दिसल्या होत्या. २००३ मध्ये कोलंबिया आपल्या कर्नालच्या कल्पना चावलासह जळाले, त्याआधीही फोमचे तुकडे अनेकदा सुटले होते. दोन्ही वेळा यान परत येत होते, म्हणून खूण ही सवय होऊन बसली.

ओरायनच्या बाबतीत तसे झाले नाही. चाचण्यांना दोन वर्षे गेली. यान वातावरणात बुडी मारून पुन्हा वर येते, तेवढ्या वेळात कवचाच्या आत वायू तयार होत राहिले, वरच्या जळक्या थरातून ते निघून जाऊ शकले नाहीत, आणि दाबाने भेगा पडल्या, असे निघाले. डिसेंबर २०२४ मध्ये नासाने आपला निर्णय सांगितला. वाइझमन, ग्लोव्हर, कॉक आणि हॅन्सन या चौघांच्या आर्टेमिस-२ यानाला कवच तेच राहील, उतरण्याचा मार्ग मात्र बदलेल. कवचच बदलायला हवे होते, असे म्हणणारे जाणकार होते आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. पण निर्णयाच्या पाठीशी शोधून काढलेले कारण होते, ‘मागच्या वेळी चालले’ हा दाखला नव्हता. १९६८ मध्ये ह्यूस्टनला बुडबुड्याच्या बाबतीतही हेच झाले होते.

बोरमन २०२३ मध्ये गेले, अँडर्स २०२४ मध्ये आणि लोव्हेल २०२५ मध्ये. त्यांना परत आणणारे इंजिन तेव्हाच वातावरणात जळून गेले. कवच लावलेली कुपी तेवढी उरली. स्पेअर नसलेल्या वस्तूवर विसंबून माणूस इतक्या लांब जाऊ शकतो. फक्त त्या वस्तूवर दिसलेली बारीकशी खूणही कोणीतरी मनावर घेतली पाहिजे, आणि तिचे कारण सापडेपर्यंत उड्डाण थांबवण्याची त्याच्यात हिंमत पाहिजे.