तारांवाचूनचा पियानो आणि त्याचा सूर

लाकडी पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांपर्यंत जातो. हवेतला दमटपणा बदलला की लाकूड फुगते वा आकसते, ताण हलतो, आणि जाणत्या कारागिराकडून वाद्य पुन्हा सुरात लावून घ्यावे लागते. हे ठाऊक असलेली मंडळी डिजिटल पियानो बेसूर वाटला की त्याच कारागिराच्या शोधात निघतात. पण या वाद्यात तारच नाही! बहुतेक डिजिटल पियानोंत खऱ्या पियानोचे मुद्रित ध्वनी अंकरूपाने साठविलेले असतात. पट्टी दाबली की तो ध्वनी ठरावीक वेगाने बाहेर पडतो. हा वेग एक स्फटिक सांभाळतो; म्हणून पावसाळा आला तरी सूर उतरत नाही. मग ते बेसूर का वाटते? बहुधा कोणीतरी, कळत वा नकळत, त्याला तसे वाजायला सांगितलेले असते.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. मूल रोज जो सूर ऐकते तोच त्याच्या कानात घर करतो. अर्ध्या स्वराने सरकलेल्या वाद्यावर वर्षभर मेहनत झाली, तर पुढे दुसऱ्या वाद्याशी मेळ घालताना कान एक सांगतो आणि हात दुसरेच करतो.

दोष शोधताना प्रथम एवढेच पाहावे : सगळ्याच पट्ट्या सारख्या हुकतात, की काहीच हुकतात?

सगळ्या हुकत असतील, तर मध्य सप्तकातली पांढरी सहा दाबून नादकाट्याशी ताडून पाहावी. तिची कंपने सेकंदाला ४४० असावीत, असे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. १९५५ साली त्याची शिफारस झाली आणि १९७५ साली ते कायम झाले. पांढरी एक दाबल्यावर काळी एक बोलत असेल, तर ‘ट्रान्सपोज’ची सोय चालू राहिली आहे, ती शून्यावर आणावी. फरक त्याहून बारीक असेल, तर ‘मास्टर ट्यूनिंग’ पाहावे. ते ४४२ वर असले, तर नादकाट्याबरोबर वाजवताना नाद सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. हा हेलकावा कोणाही लक्ष देणाऱ्या कानाला ऐकू येतो.

पट्टी एकच दाबली असता दोन आवाज लहरत असतील, तर दोन वाद्यांचे ध्वनी एकावर एक लावलेले असतात, किंवा ‘कोरस’चा परिणाम चालू असतो. एखादीच पट्टी खरखरत असेल, तर कानाला हेडफोन लावून ऐकावे. खरखर थांबली, तर दोष ध्वनिवर्धकात किंवा खोलीत थरथरणाऱ्या एखाद्या वस्तूत आहे. पट्टी अकारण मोठ्याने वाजते किंवा मुकीच राहते, तेव्हा तिच्याखालच्या स्पर्शबिंदूंवर धूळ बसलेली असण्याचा संभव असतो. तेथे मात्र दुरुस्ती करणारा हवा.

एका सुरात गोड आणि दुसऱ्यात कर्कश, असे होत असेल, तर ‘टेंपरामेंट’ पाहावे. युरोपातील जुन्या स्वरमेळांचे पर्याय तेथे असतात. नेहमीसाठी ‘इक्वल’ निवडावा. काहीच उमगले नाही, तर वाद्य बंद करून पुन्हा सुरू करावे. काही वाद्ये जुनी मांडणी लक्षात ठेवतात. त्यांना मूळ स्थितीत आणण्याची कृती माहितीपुस्तिकेत दिलेली असते. तसे करण्यापूर्वी आपले साठविलेले वादन दुसरीकडे उतरवून घ्यावे, नाही तर तेही पुसले जाण्याची भीती असते.

एवढे करूनही दोन गोष्टी उरतात, आणि त्या दोष नव्हेत. खर्जाच्या टोकाला सूर किंचित उतरा आणि तारसप्तकाच्या टोकाला किंचित चढा दिसतो. खऱ्या ताठ तारांचे उपस्वर थोडे चढे निघतात, म्हणून कारागीर दोन्ही टोके मुद्दाम ताणतात. डिजिटल वाद्यही बहुधा तेच अनुकरण करते.

दुसरी गोष्ट आपल्या कानाची. तंबोऱ्याच्या खर्जातून निघणारा स्वयंभू गंधार ज्याने ऐकला, त्याला पियानोचा शुद्ध गंधार चढाच वाटणार. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर तो सुमारे १४ भाग चढा आहे. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केल्याची ही किंमत होय. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केले, ते १९७१ मध्ये काहीसे उघडले. त्या वादातही स्थिर, सारख्या अंतराच्या स्वरांवर हाच आक्षेप होता. गंमत अशी की हार्मोनियमला जे सहज साधत नाही, ते या वाद्याला पुष्कळदा साधते. शुद्ध अंतरांचा पर्याय निवडून आपला षड्ज त्याचा आधारस्वर ठरविला, की गंधार जागेवर येतो. सूर बदलला की आधारस्वरही बदलावा लागतो, एवढेच.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी, किंवा मुलालाच बेसूर ठरविण्यापूर्वी, नादकाटा हाती घेऊन दहा मिनिटे शांतपणे ऐकावे. वाद्य सांगितलेले करीत असते. काय सांगितले गेले आहे, हे पाहणे आपले काम आहे.