जहाजांच्या प्रतिकृती व त्यांचें प्रामाण्य

जुन्या जहाजाची लहान प्रतिकृति करणें हा हौशी लोकांचा केवळ करमणुकीचा उद्योग होय, असा सामान्य समज आहे. परंतु हे लोक एकमेकांस कोणते प्रश्न विचारतात व कसें साहाय्य करतात हें पाहिलें, म्हणजे हा उद्योग इतिहाससंशोधनाच्या किती निकट आहे हें ध्यानांत येतें. अमेरिकेंत १९४८ सालीं स्थापन झालेलें 'नॉटिकल रिसर्च गिल्ड' हें अशा परस्परसाहाय्याचें प्रसिद्ध उदाहरण होय.

ग्रंथकारास संदिग्ध राहतां येतें. सुतारास राहतां येत नाहीं. 'जहाज रुंद होतें' एवढें लिहून ग्रंथकाराचें काम भागतें. पण लांकूड कापणाऱ्यास तें किती रुंद, हें ठरवावेंच लागतें. त्यांतून १:४८ या प्रमाणांत तीन इंची फळी एक-षोडशांश इंचाची होते. तेव्हां मूळ मापांतील लहानशी चूकहि सबंध आकार बिघडविते.

आपल्याकडील गुराबेचें उदाहरण घेऊं. आंग्र्यांचें आरमार फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या बंदरांत जळालें. त्यामुळें त्या गुराबा आज मोजावयास नाहींत. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याचें वर्णन मात्र उपलब्ध आहे. गुराबेस बहुधा दोन, क्वचित् तीन डोलकाठ्या असत. दोन काठ्यांची गुराब सुमारें १५० टनांची, तर तीन काठ्यांची सुमारें ३०० टनांची असे. ती पाण्यांत थोडीच बुडे. लांबीच्या मानानें रुंद, पण मध्यापासून पुढें निमुळती होत गेलेली असून तिची नाळ पुढें आलेली असे. गलबत ७० टनांहून क्वचितच मोठें असे व त्यास ४० ते ५० वल्हीं असत. परंतु फळ्यांची जाडी किंवा आंतील बरगड्यांचें अंतर या वर्णनांत नाहीं.

येथेंच परस्परसाहाय्याचें महत्त्व आहे. एकानें जुना उतारा लावून द्यावा, दुसऱ्यानें त्यावरून आकृति काढावी, तिसऱ्यानें कोंकणांतील लांकडी होड्यांची बांधणी पाहून सांगावी. आपल्या शास्त्रांच्या परिभाषेंत पहिलें शब्दप्रमाण व दुसरें अनुमान होय. तिसरें प्रत्यक्ष खरें, पण तें आजच्या होडीचें. गुराबेविषयीं तेंहि अनुमानाचेंच साधन ठरतें. साहाय्य करणाऱ्यानें आपण यांपैकीं काय देत आहों, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

हा भेद न राखल्यास काय होतें, हें स्वीडनच्या 'वासा' जहाजावरून कळतें. तें १६२८ सालीं पहिल्याच सफरींत बुडालें व १९६१ सालीं वर काढण्यांत आलें. त्याच्या पिछाडीवरील कोरीव कामामागचा रंग प्रथम निळा समजला गेला व प्रतिकृतीहि तशाच रंगविल्या गेल्या. पुढें रंगकणांच्या परीक्षणानें तो लाल ठरला. पण निळें जहाज तोंपर्यंत लोकांच्या डोळ्यांत बसलें होतें.

प्रेक्षक ग्रंथ वाचीत नाहीं, प्रतिकृति पाहतो. म्हणून मराठी आरमाराची प्रतिकृति करणाऱ्या प्रत्येकानें तिच्यासोबत एक टिपण ठेवावें : अमुक भाग लेखावरून, अमुक तर्कानें. म्हणजे पुढें नवें साधन सांपडल्यास नेमका कोणता भाग बदलावयाचा, हें पुढील कारागिरास कळेल.