44,600 वर्षे की एक सेकंद?

मेट्रोच्या गेटावर कार्ड टेकवले की क्षणभरात दार उघडते. तेवढ्या वेळात कार्ड आणि गेट यांनी एकमेकांची ओळख पटवलेली असते, आणि ती ओळख एका गुप्त आकड्यावर उभी असते. 1994 साली आलेल्या 'मायफेअर क्लासिक' या चिपमध्ये हा आकडा, म्हणजे किल्ली, 48 बिटांची होती. या चिपची शंभर कोटींहून अधिक कार्डे विकली गेली. लंडनचे ऑयस्टर कार्ड तिच्यावरच चालायचे, नेदरलँड्सचे ओव्ही-चिपकार्टही.

48 बिट म्हणजे 48 वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार. उत्तर येते 28,14,74,97,67,10,656. सुमारे 281 लाख कोटी किल्ल्या, त्यांतली एकच खरी. चोराने कार्ड समोर ठेवून एकेक किल्ली लावून पाहायची ठरवली आणि दर खेपेला 5 मिलिसेकंद लागले, तर सगळ्या संपायला सुमारे 44,600 वर्षे लागतील. माणूस शेती करू लागला त्याला साधारण 12,000 वर्षे झाली आहेत.

हा आकडा ऐकून कोणीही निर्धास्त होईल. पण 2008 साली नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की गेटाशी एक-दोनदा ओळखीची देवाणघेवाण घडवून आणली, की साध्या संगणकावर ती किल्ली एका सेकंदाच्या आत सापडते.

कुठे गेली 44,600 वर्षे? काही कमकुवतपणा खुद्द सांकेतिक पद्धतीतच होता. पण मला सर्वांत थक्क करतो तो त्या चिपमधला दुसराच, छोटा आकडा. कालचे संभाषण चोरून ऐकून आज तेच पुन्हा वाजवता येऊ नये, म्हणून कार्ड दर वेळी एक नवा, अंदाज न येणारा आकडा पुढे करते. तो 32 बिटांचा दिसायचा, म्हणजे 429 कोटींहून अधिक शक्यता. प्रत्यक्षात तो 16 बिटांच्या यंत्रणेतून निघायचा आणि 65,535 आकड्यांतच फिरायचा. ही सगळी फेरी सुमारे 0.6 सेकंदात पूर्ण व्हायची. त्यातही, कार्डाला वीज मिळाली की फेरी ठरलेल्या जागेपासूनच सुरू व्हायची. म्हणजे किती क्षणांनी विचारायचे एवढे अचूक साधले, की कार्ड पुन्हा पुन्हा तोच आकडा देणार. नशिबाचा खेळ घड्याळाच्या हाती आला.

हे तेरा वर्षे लपून राहिले, कारण सांकेतिक पद्धत गुप्त ठेवली होती. अखेर कार्स्टेन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ या संशोधकांनी चिपचे थर एकेक करून घासले, सूक्ष्मदर्शकातून त्यांची छायाचित्रे काढली आणि त्यांवरून आतली मांडणी वाचत नेली. डिसेंबर 2007 मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत त्यांनी ते जाहीर केले. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालले पाहिजे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली, हे सांकेतिक लिपीचे अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी 1883 सालीच लिहून ठेवले होते.

राडबाउडचा शोधनिबंध छापला जाऊ नये म्हणून चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी न्यायालयात गेली. 18 जुलै 2008 रोजी अर्नहेमच्या न्यायालयाने मागणी फेटाळली. नुकसान होत असेल तर ते निबंधामुळे नव्हे, दोष असलेली चिप बनवून विकल्यामुळे, असा त्या निकालाचा रोख होता. कोट्यवधी प्रवाशांच्या बाजूने दिलेला हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. दोष आधी कोणाला कळावा, चोराला की प्रवाशाला, हाच तर प्रश्न होता.

पुढच्या पिढीच्या 'डेसफायर' चिपमध्ये किल्ली 112 बिटांची झाली. शक्यतांचा आकडा 34 अंकी. पद्धतही जगजाहीर आणि तावून सुलाखून निघालेली. तरीही 2011 साली जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या डेव्हिड ओस्वाल्ड आणि क्रिस्टोफ पार यांनी किल्ल्या मोजण्याच्या फंदात न पडता, हिशेब करताना चिप किती वीज खाते, त्यातले सूक्ष्म चढउतार टिपले. अशी सुमारे अडीच लाख मोजमापे, साधारण सात तासांचे काम, आणि पूर्ण किल्ली हातात. एनएक्सपीने तो नमुना बंद करून ग्राहकांना त्यापुढच्या चिपकडे वळायला सांगितले. तिच्यात 128 बिटांच्या किल्लीची सोय होती, आणि विजेचे हे चढउतार झाकण्याचीही.