रानांतील शय्या

सह्याद्रीच्या रानांत महिना-दोन महिने तळ ठोकणारा मनुष्य प्रथम पांघरुणाची चिंता करतो. वस्तुतः चिंता हवी ती अंथरुणाची. देहाची ऊब जमीन सतत शोषून घेते, आणि अंगाच्या भारानें दबलेलें अंथरूण तिला फारसें अडवीत नाहीं. म्हणून बेचक्याचे खांब रोवून त्यांवर गुडघाभर उंच बांबूचा माचा बांधावा. खालून वारा खेळल्यानें ओल चढत नाहीं. परंतु तोच वारा थंडींत ऊब पळवितो, यास्तव वर भाताचा कोरडा पेंढा जाड पसरावा व दबला कीं बदलावा.

माच्याचें दुसरें प्रयोजन अधिक गंभीर आहे. मण्यार रात्रीं हिंडते. भुईवर निजलेल्यास तिचा दंश पुष्कळदां जाणवतही नाहीं. सबब मच्छरदाणी नुसती सोडूं नये. तिच्या कडा चोहोंकडून अंथरुणाखालीं खोंचाव्या, आणि तेंही अंधार पडण्यापूर्वींच.