काळ्या कातळाची ओळख

जाते, पाटा-वरवंटा, वाड्यांची जोती, वेरूळचे कैलास लेणे ही सारी एकाच दगडाची. आपण त्याला काळा दगड म्हणतो, शास्त्रात तो बेसाल्ट. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग त्याने व्यापला आहे.

तो ओळखायचा कसा? मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सांगतो. दगड फोडून ताजा भाग पाहा. बाहेरची साल लोह गंजल्यामुळे तपकिरी असली, तरी आत तो काळा-करडा असतो. त्याचे कण सहसा नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, ग्रॅनाइटचे दिसतात. मग तो हातावर तोला. घट्ट बेसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. शेवटी दोऱ्याला टांगलेले लोहचुंबक जवळ न्या. दगडातील मॅग्नेटाइटमुळे ते बहुधा किंचित ओढले जाते.

कण बारीक, कारण लाव्हा पृष्ठभागावर येऊन लवकर थिजला. स्फटिकांना वाढायला सवडच मिळाली नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून असे लोट पुन्हा पुन्हा आले आणि थरावर थर चढले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसतात त्या याच पायऱ्या. पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून या खडकांना ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव मिळाले.

प्रत्येक थर मात्र सारखा नसतो, आणि शेतकऱ्याचा पैसा इथेच पणाला लागतो. थराचा गाभा घट्ट असतो. त्यात पाणी राहते ते फक्त भेगांमध्ये. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात. पण भोके दिसली म्हणजे पाणी लागेलच, असे नाही. ती एकमेकांना जोडलेली नसतील किंवा पांढऱ्या-हिरवट खनिजांनी बुजलेली असतील, तर पाणी वाहणार कुठून? तोच खडक झिजून मुरूम झाला, की पाणी धरू लागतो.

म्हणून बोअरसाठी कर्ज काढण्याआधी शेजारच्या विहिरीत डोकावा, ओढ्याची दरड पाहा. मुरूम किती खोल आहे, कातळाला भेगा आहेत का, त्यातून ओल झिरपते का, हे लिहून ठेवा आणि ती नोंद घेऊन भूजल जाणकाराकडे जा. शेजाऱ्याला २०० फुटांवर पाणी लागले, म्हणून आपल्यालाही लागेल, असा या दगडाचा नियम नाही.