पिछाडीवरचा उमेदवार आणि माघारीचा मुहूर्त

1976 च्या मार्च महिन्यात रिपब्लिकन पक्षातील बहुतेक वजनदार मंडळींनी रोनाल्ड रेगन यांच्या उमेदवारीचा फैसला मनातल्या मनात करून टाकला होता. विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना पक्षांतर्गत आव्हान देण्याचे धाडस कॅलिफोर्नियाच्या या माजी गव्हर्नरांनी केले खरे. परंतु न्यू हॅम्पशरमध्ये दीड हजारांच्या आसपास मतांनी आणि पुढे फ्लोरिडा व इलिनॉयमध्ये ठळक फरकाने ते पराभूत झाले होते, मोहिमेच्या डोक्यावर सुमारे 20 लाख डॉलरांचे कर्ज चढले होते, आणि आता सन्मानाने बाजूला व्हावे असा सल्ला त्यांना स्वकीयांकडूनच मिळू लागला होता. अशा अवस्थेत नॉर्थ कॅरोलायनात सिनेटर जेसी हेल्म्स यांच्या माणसांनी रेगन यांचे अर्ध्या तासाचे ध्वनिचित्रमुद्रित भाषण राज्यभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांवरून दाखवण्याचा घाट घातला. पनामा कालव्यावरचा ताबा अमेरिकेने सोडता कामा नये, या त्यांच्या आग्रहाने तेथील मतदार पेटला. आणि 23 मार्च रोजी रेगन जिंकले. मे महिन्यात टेक्सासही त्यांच्याकडे आले. ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात फोर्ड यांना 1187 आणि रेगन यांना 1070 मते पडली. उमेदवारी हुकली, पण चार वर्षांनी ती त्यांच्याकडे आली, तेव्हा या पराभवाचीच पुण्याई तिच्या मागे उभी होती.

आपल्याकडे पक्षाचे तिकीट दिल्लीत किंवा मुंबईत श्रेष्ठींच्या मसलतीत ठरते आणि नाराजांची समजूत बंद दाराआड घातली जाते, म्हणून हा प्रकार आपल्याला काहीसा अपरिचित वाटतो. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार मतदार निवडतात. वर्षाच्या प्रारंभी आयोवा, न्यू हॅम्पशर अशा लहान राज्यांपासून सुरू झालेले हे प्राथमिक मतदान जूनपर्यंत राज्याराज्यांतून फिरत राहते, प्रत्येक राज्यातून प्रतिनिधी ठरतात, आणि त्यांच्या बहुमताने अधिवेशनात उमेदवारीवर शिक्कामोर्तब होते. डेमोक्रॅटिक पक्षात किमान 15 टक्के मते मिळवणाऱ्यांना मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात. 2008 मध्ये हिलरी क्लिंटन यांनी न्यू हॅम्पशर जिंकले तेव्हा त्यांच्या पदरी 9 प्रतिनिधी पडले, आणि हरलेल्या बराक ओबामांच्याही पदरी 9 च. पिछाडीवरचा उमेदवार राज्यामागून राज्य जिंकत जातो आणि तरीही अंतर तसूभर कमी होत नाही, अशी विलक्षण कोंडी या पद्धतीतून उद्भवते. रिपब्लिकनांच्या अनेक राज्यांत जिंकणाराच सर्वस्व घेऊन जात असल्याने तेथे निकाल लवकर लागतो. त्याच वर्षी 4 मार्चला जॉन मॅकेन यांचे बहुमत पुरे झाले आणि माइक हकाबी त्याच रात्री बाजूला झाले.

क्लिंटन मात्र त्या रात्री ओहायो जिंकून अधिकच नेटाने उभ्या राहिल्या. फेब्रुवारीत ओबामांनी ओळीने 11 लढती जिंकल्या होत्या, प्रतिनिधींच्या गणितातील त्यांची आघाडी आता तुटण्यासारखी नव्हती, आणि मार्च संपण्यापूर्वीच सिनेटर पॅट्रिक लीही यांनी क्लिंटन यांनी माघार घ्यावी असे उघड सांगून टाकले. क्लिंटन यांनी मात्र 1 कोटीहून अधिक डॉलर पदरचे घातले, एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनिया जिंकले, आणि 3 जूनला शेवटची राज्ये आटोपेपर्यंत मैदान सोडले नाही. या हट्टामुळे पक्ष दुभंगेल, अशी भीती कित्येक शहाण्यांनी घातली होती. प्रत्यक्षात मे महिन्यात इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलायना येथे लढावे लागल्यामुळे ओबामांच्या कार्यकर्त्यांना त्या राज्यांत दारोदार फिरून मतदार नोंदवावे लागले. आणि नोव्हेंबरात 1964 नंतर प्रथमच इंडियाना, तर 1976 नंतर प्रथमच नॉर्थ कॅरोलायना डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या हाती आले. सप्टेंबरातील आर्थिक कोसळणीचा वाटा त्यात मोठा होता, हे मान्य करूनही या मशागतीचे श्रेय नाकारता येत नाही.

माझ्या मते क्लिंटन यांचे चुकले ते अन्यत्र. मिशिगनने पक्षाचे वेळापत्रक मोडून मतदान घेतले होते आणि त्या मतपत्रिकेवर ओबामांचे नावही नव्हते. असे असता ती मते पुरतेपणी धरावीत असा आग्रह त्यांच्या गोटाने धरला, आणि अखेर 31 मे रोजी नियम समितीने तेथील प्रतिनिधींना अर्ध्या मताचा अधिकार देऊन वाद मिटवला. उरलेल्या मतदारांपुढे पदर पसरणे हा उमेदवाराचा हक्कच आहे. पडलेल्या मतांचा अर्थ नियमावलीतून फिरवू पाहणे ही निराळी गोष्ट.

हा भेद 1980 साली अधिक स्पष्ट दिसला. डेमोक्रॅटिक पक्षात अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याकडे प्रतिनिधींचे निर्विवाद बहुमत असताना त्यांचे आव्हानवीर एडवर्ड केनेडी न्यूयॉर्कच्या अधिवेशनापर्यंत लढत राहिले, आणि प्रतिनिधींना आपल्या मतदारांच्या कौलातून मोकळे करणारा नियमबदल त्यांनी मागितला. तो फेटाळला गेल्यावर त्यांनी माघार घेतली, दुसऱ्या दिवशी भाषण मात्र असे केले की सभागृह भारावून गेले. आणि शेवटच्या रात्री हात उंचावून एकत्र छायाचित्र निघावे म्हणून कार्टर व्यासपीठावर ताटकळत राहिले, ते काही निघाले नाही. नोव्हेंबरात 538 पैकी 49 निर्वाचक मते कार्टर यांना मिळाली. महागाई आणि तेहरानमधील ओलीस यांचे ओझे डोक्यावर असताना या पराभवाचे सारे खापर केनेडींवर फोडणे अन्यायाचे होईल. तरी आपल्या पक्षाला कार्टर मनापासून नकोत, हे साऱ्या देशाला दाखवून देण्याचे काम त्यांनी केले.

वास्तविक माघारीचा मुहूर्त बहुधा खजिनदार काढतो. म्हणूनच उमेदवार मोहीम संपली असे न म्हणता ती तहकूब केली असे म्हणतात. देणी फेडण्यासाठी वर्गणी गोळा करण्याची वाट मोकळी राहते, आणि मिळवलेल्या प्रतिनिधींवरचा दावाही चटकन सुटत नाही. बाजूला होण्याचा उपदेशही बहुतेक वेळा ज्यांचे मतदान उरकले आहे त्यांच्याकडूनच येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. 2016 मध्ये कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीचे मतदान 7 जूनला होते, आणि आदल्याच संध्याकाळी असोसिएटेड प्रेसने क्लिंटन यांचे बहुमत पुरे झाल्याचे जाहीर केले; न्यू जर्सीतल्या एडिसनच्या परिसरातील मराठी मंडळी दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेली असतील, ती ठरून गेलेल्या गोष्टीवर मत देण्यासाठी. क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांनी तरीही 12 जुलैपर्यंत पाठिंबा रोखून धरला आणि दरम्यान तासाला 15 डॉलर किमान वेतनाचे कलम पक्षाच्या जाहीरनाम्यात घालून घेतले. पुढे 2018 मध्ये, मतदारांच्या कौलाला न बांधलेल्या पदसिद्ध प्रतिनिधींचा पहिल्या फेरीतील मताधिकार पक्षाने काढून घेतला, त्यामागेही मुख्य रेटा त्यांच्याच अनुयायांचा होता. 2020 च्या एप्रिलमध्ये, महामारीतच विस्कॉन्सिनचे मतदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सँडर्स यांनी जो बायडेन यांच्यासाठी मैदान सोडले; मात्र उरलेल्या राज्यांतील मतपत्रिकांवर आपले नाव राहील, आणि मिळतील तेवढे प्रतिनिधी आपण जाहीरनाम्याच्या वाटाघाटीसाठी गोळा करू, असे त्याच घोषणेत सांगून ठेवले.