केवड्याचा फेरफार

तासगांवकडील बागाईतदार बंधूंस एक प्रश्न वारंवार पडतो. आक्टोबरची छाटणी झाली, फूट निघाली, तों अवेळीं पाऊस लागला आणि घडांवर केवडा पडला. ज्या औषधानें पूर्वीं बाग वांचली, तेंच दोन-तीन वेळां फवारलें तरी गुण नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अशा बागांचे पंचनामे आम्हीं स्वहस्तें लिहिले. धन्याचें तोंड पाहून कागदावर आंकडा मांडणें जड जात असे. कोणी औषधास दोष देतो, कोणी दैवास. परंतु पुष्कळदां रोगच बदललेला असतो. तो कसा, हें येथें सांगतों.

प्रथम घरचीच गोष्ट घ्या. तासगांवच्या शेतकऱ्यांनीं थॉम्सन सीडलेसच्या बागेंत निराळी दिसलेली वेल हेरून तिच्या काड्या राखल्या व वाढविल्या. ‘तास-ए-गणेश’ ही जात अशीच निघाली. फरक आपोआप उपजला. मनुष्यानें केवळ निवड केली. इंग्रज शास्त्रज्ञ चार्लस डार्विन यानें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथाचा आरंभ अशाच पाळीव पशूंपासून व पिकांपासून केला. त्याचें म्हणणें असें कीं, जगूं शकतील त्याहून अधिक जीव जन्मास येतात, ते सर्व सारखे नसतात. ज्याच्या अंगचा फरक परिस्थितीस उपयोगी, तो तगतो व तो गुण संततीस देतो. यासच नैसर्गिक निवड म्हणतात.

केवड्याचेंही तसेंच. स्ट्रोबिल्युरिन वर्गाचीं औषधें रोगजंतूच्या एकाच प्रथिनावर घाव घालतात. त्या प्रथिनांतील १४३ व्या स्थानचा घटक बदलला कीं घाव चुकतो. लक्षावधि जंतूंत असा एखादा असतोच. तेंच औषध पुनःपुन्हां मारल्यानें बाकीचे मरतात, हा उरतो, आणि पुढें बाग त्याच्याच प्रजेनें भरते. औषध त्यास कांहीं शिकवीत नाहीं, निवडतें मात्र. असे जंतु महाराष्ट्रांतील द्राक्षबागांतही आढळले आहेत. विदर्भांत २०१७ सालीं शेंदरी बोंडअळीनें बीटी कपाशीसही जुमानलें नाहीं, त्याचें मूळ हेंच.

एवढ्यावरून सर्व जीवसृष्टि बदलत आली असें कसें मानावें, असें कोणी विचारील. आमच्या खात्यांत जमिनीचा धनी बदलला कीं फेरफार पडतो. नोंदी मागें मागें वाचीत गेलें कीं मूळ पुरुष सांपडतो. सृष्टीचेंही दप्तर असेंच आहे. बैलाचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख व आपला हात यांचीं कामें निराळीं, पण हाडांची मांडणी एकच. हा समान पूर्वजाचा वारसा होय. खडकांच्या थरांत जितकें खोल जावें, तितके आजच्याहून भिन्न जीवांचे अवशेष मिळतात.

सबब बागाईतदारांनीं डब्यावरील नांव पाहून न थांबतां आंतील घटक पहावा. एकाच वर्गाचें औषध लागोपाठ मारूं नये, आणि प्रत्येक फवारणी वहींत टिपावी. मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण फ्रान्सांत १८८५ सालीं प्रसिद्ध झालें. तें जंतूवर अनेक ठिकाणीं घाव घालतें, म्हणून अद्याप उपयोगी पडतें. निवड तर चालणारच. ती आपल्या वैऱ्याच्या बाजूनें होऊं न देणें एवढें आपल्या हातीं आहे.